मच्छिंद्ररावांचं मनगट

मच्छिंद्ररावांचं मनगट शुक्रवारी सकाळी मोडलं आणि रविवारी दुपारपर्यंत ते बेबीनंदानंच मोडलं, असं निम्म्या कुंभार पिंपळगावाचं मत झालं होतं. उरलेल्या निम्म्या गावाला अजून कळायचं होतं.

त्या रविवारी अकराच्या सुमारास बेबीनंदाचा मुलगा राजानंद जालन्यातल्या मस्तगडहून आला. मोटारसायकल अंगणात लावून तो हेल्मेटातूनच काहीतरी म्हणाला. हेल्मेट काढल्यावर त्याला तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं, कारण आईला पहिल्यांदा काही ऐकूच आलं नव्हतं.

"वर्ग बंद करून टाक म्हन्लं."

"पाय धू. भाकऱ्या टाकून राह्यले," बेबीनंदा म्हणाली आणि आत गेली.

छत्तीस वर्षं तिनं नर्सची नोकरी केली होती. आजूबाजूच्या सात गावांतली निम्मी तरुण मंडळी तिच्या हातावर जन्मली होती. पण जन्माचं कुणाला आठवत नसल्यामुळे तिनं टोचलेल्या सुया तेवढ्या लोकांच्या लक्षात होत्या. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी गाव तिला सिस्टरच म्हणायचं.

थोरल्या जाऊ गिरिजाबाई मोरीत घसरल्या, त्यांचा खुबा मोडला आणि चार महिन्यांत त्या गेल्या, त्याला आता दीड वर्ष होत आलं होतं. ते चार महिने बेबीनंदानंच त्यांचं सगळं केलं. पुण्यानुमोदनाला आलेले लोक म्हणाले, वयच झालं होतं. बेबीनंदाला मात्र मोरीच्या ओल्या फरशीपेक्षा जावेच्या वाळलेल्या मांड्याच आठवत राहिल्या. पडलेल्या माणसांचे हातपाय तिनं आयुष्यभर बांधले होते. पडायच्या आधीही काही करता येतं, हे तिला निवृत्तीनंतर जालन्याला तीन दिवसांच्या प्रशिक्षणात कळलं. ते कळल्यावर तिला रागच आला. राग नेमका कुणाचा आला ते ठरवता येईना, म्हणून तिनं वर्ग सुरू केला.

सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातला, भीमनगरातल्या विहारापुढच्या पत्र्याच्या मंडपात. साठीच्या पुढच्यांसाठी. खुर्चीवरून हात न टेकवता उठायचं, पुन्हा सावकाश बसायचं. खुर्चीची पाठ धरून टाचा उचलायच्या. एका पायावर उभं राहायचं. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना भिडवत सरळ रेषेत चालायचं. शेवटी सतरंजीवर आडवं होऊन, पडल्यावर आपलं आपण कसं उठायचं, ते शिकायचं. या शेवटच्या प्रकाराला लोक सुरुवातीला हसले. मग त्यांना आडवं केल्यावर उठता येईना, तेव्हा हसायचे थांबले.

पहिले पंधरा दिवस नगरातलीच माणसं येत होती. तिसऱ्या आठवड्यात पाटील गल्लीतून मच्छिंद्रराव आले, सोबत तुळजाबाई. मच्छिंद्ररावांचं वय शहात्तर. खुर्चीत बसून त्यांनी विचारलं, "उठायचं कधी?" नवरा-बायको पुढच्या शुक्रवारीही आले. त्यानंतर वरच्या आळीतली आणखी सहा माणसं यायला लागली. सहज इकडून चाललो होतो, असं ती सुरुवातीला सांगायची. महिनाभरानं सांगायची बंद झाली.

एकच माणूस आला नाही, तो म्हणजे बेबीनंदाचा नवरा. अप्पाराव गावच्या शाळेत एकतीस वर्षं खेळाचे शिक्षक होते. गावातल्या तीन पिढ्या त्यांच्या शिट्टीवर धावल्या होत्या, आणि ज्या धावल्या नाहीत त्यांना मैदानाला जादा फेऱ्या मारायला लागल्या होत्या. बायकोच्या वर्गाला ते 'खुर्च्यांचा कार्यक्रम' म्हणायचे. साडेपाचला फिरायला म्हणून जे बाहेर पडायचे, ते वर्ग संपल्यावरच घरी यायचे.

शुक्रवारी बेबीनंदा पावणेसातला मंडपात गेली, तर मच्छिंद्रराव तिच्या आधीच येऊन खुर्चीत बसले होते. उजवं मनगट त्यांनी डाव्या हातात धरलं होतं, दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला दिल्यासारखं.

"पाय अटकून पडलो," ते म्हणाले. "पुढच्या अंगाला."

तिनं पेपरची घडी घालून मनगट त्यांच्याच उपरण्यानं बांधलं आणि त्यांच्या मुलाला, भागवतला फोन केला. त्यानं वडिलांना अंबडला नेऊन प्लास्टर करून आणलं. पुढच्या अंगाला पडलेल्या माणसाच्या सदऱ्याची सगळी पाठ मातीनं भरलेली होती, हे बेबीनंदानं पाहिलं होतं. कोपरही मागूनच खरचटलेलं होतं. त्या वेळी मनगट महत्त्वाचं होतं, म्हणून ती बोलली नाही.

त्याच दिवशी ती घरी आली तेव्हा अप्पारावांनी आपली पँट आपल्या हातानं धुऊन दोरीवर टाकलेली होती. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच घडलं होतं. बेबीनंदा त्या पँटकडे जरा वेळ बघत उभी राहिली. विचारलं मात्र काही नाही. दुखतं कुठं ते माणूस विचारल्यावर सांगत नाही, दाबल्यावर सांगतो, एवढं तिला नोकरीनं शिकवलं होतं.

बारा वाजता मोनाली आली. ती टेंभुर्णीला शिक्षिका होती. जिल्ह्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोन एसट्या बदलून ती आली होती आणि वाटेत जाफराबादच्या स्टँडवर तिनं भावाशी फोनवर भांडूनही घेतलं होतं. घरात येताच तिनं ते तिथूनच पुढं सुरू केलं.

"वर्ग कामून बंद करायचा? आईनं त्यांना ढकलून दिलं का?"

"तू मास्तरीण हाईस ना? मंग तुला कळाया पाहिजे," राजानंद म्हणाला. "तुझ्या शाळेत पोरगं पडलं तर कोणाला धरत्यात? भागवत पाटील अर्ज लिहून राह्यलाय. ग्रामपंचायतीला बी, वर तालुक्याला बी. डॉक्टर न्हाई, कोणाची परवानगी न्हाई, म्हाताऱ्या माणसांचे हातपाय मोडून राह्यले, असं लिहिणार हाय. वरच्या आळीचा माणूस विहाराच्या मंडपात पडला म्हन्ल्यावर त्याला निस्तं पडणं म्हणत्यात का कोणी? फोन मला येत्यात, आई. मस्तगडला दुकानात चहा पेऊ देईनात लोकं."

अर्ज म्हटल्यावर मोनाली थोडी नरमायचीच. दहा वर्षं जिल्हा परिषदेत काढली होती तिनं.

"थोडे दिवस बंद ठेवला तर?" तिनं आईला विचारलं. "महिनाभर. लोकं विसरतील."

"महिनाभरात मांड्या बी विसरत्यात," बेबीनंदा म्हणाली. तिनं मुलीच्या ताटात भाकरी वाढली.

"तसं बी आता तुम्ही दोघांनी मस्तगडला यायला पाहिजे," राजानंदनं खरा मुद्दा बाहेर काढला. तो गेल्या दिवाळीपासून निघत होता आणि दर वेळी जेवणाच्या वेळीच निघत होता. "खोली रिकामी पडली. दवाखाना जवळ हाय. हितं काय ठेवलंय?"

मोनालीनं भावाकडं पाहिलं, मग आईकडं. "बाबांना विचारा की," ती म्हणाली.

अप्पाराव ठेचा भाकरीला लावत होते. गेल्या दोन दिवसांत ते ठेच्याविषयीसुद्धा काही बोलले नव्हते. तिघंही आपल्याकडे बघतायत हे कळल्यावर त्यांनी घास खाली ठेवला.

"राजा बराबर बोलून राह्यला," ते म्हणाले. "बंद कर वर्ग."

"बंद?" बेबीनंदानं विचारलं.

"बंद. उगा लोकाची झंझट."

त्यांनी घास उचलून तोंडात घातला. बेबीनंदानं तवा उतरवला आणि शेवटची भाकरी तशीच परातीत राहू दिली. राजानंदला आपली बाजू जिंकल्याचं कळलं, पण जिंकल्यावर करायचं काय ते कळेना. तो पाणी प्यायला.

तीन वाजता भागवत आला. सोबत गळ्यात हात अडकवलेले मच्छिंद्रराव होते, आणि मागं मोसंब्यांची पिशवी घेऊन तुळजाबाई. भागवत भांडायला आला होता. पण तुळजाबाईंच्या मते कुणाच्याही घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं. त्यांनी पिशवी बेबीनंदाच्या हातात दिली आणि खाली सतरंजीवर न बसता खुर्ची मागितली. "उठ-बस करायची हाय मला," त्या म्हणाल्या.

"आई, तू गप," भागवत म्हणाला. तो पन्नाशीचा, भरल्या अंगाचा माणूस होता. समोर अप्पाराव दिसताच मात्र त्याच्या हातून आपोआप नमस्कार झाला आणि त्याचा त्यालाच राग आला. "सर, तुमच्याशी माझं काही न्हाई. सिस्टरशी बोलायचंय."

"बोला," बेबीनंदा म्हणाली.

भागवतनं खिशातून घडी केलेला कागद काढला. "ह्यो अर्ज. उद्या देणार. त्याच्या आधी तुम्हाला दाखवावा म्हन्लं, मागून बोलले असं नको. माझा बाप शहात्तर वर्षांचा हाय. शेतात कधी पडला न्हाई, विहिरीवर पडला न्हाई. तुमच्या मंडपात पडला. आता कापसाचं, मोसंबीचं, सगळं मी एकट्यानं बघायचं. ह्यांना जेवायला दुसऱ्याचा हात लागून राह्यला. का? तर खुर्ची धरून नाचायचं म्हणून."

"नाचत न्हाईत," तुळजाबाई म्हणाल्या.

"आई!"

"नाचत न्हाईत म्हन्लं. उगा खोटं लिहू नको अर्जात."

मच्छिंद्रराव आपल्या प्लास्टरकडे बघत होते. बेबीनंदानं त्यांना विचारलं, "भाऊ, दुखतंय का?"

"बिलकुल न्हाई."

"बोटं हलवा."

त्यांनी बोटं हलवली. बोटं हलवताना त्यांनी एकदा अप्पारावांकडे पाहिलं आणि लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. बेबीनंदाला ते दिसलं. दोघं तरुणपणी गावच्या कबड्डीच्या संघात होते. एकमेकांकडे न बघता बोलायची त्यांची तेव्हापासूनची सवय तिला चांगली ठाऊक होती. धुतलेली पँट आणि मातीनं भरलेली पाठ तिच्या मनात शेजारीशेजारी उभी राहिली. ती थांबली. नवरा बोलतो का, याची तिनं वाट पाहिली. अप्पाराव आपल्या गुडघ्यांकडे बघत होते.

मग तिला वाटलं, वाट बघून काही होणार नाही, दाबावंच लागेल.

"बरं," ती भागवतला म्हणाली. "तुम्ही म्हणता ते खरं धरू. खुर्च्या मंडपात उघड्यावर मी ठेवल्या. माणसं आधी येतील हे माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. चूक माझी. द्या तो अर्ज, मी खाली लिहून देते, चूक माझी म्हणून. उद्यापासून वर्ग बंद."

भागवतला याची अपेक्षा नव्हती. त्यानं पुढचं सगळं भांडण पाठ करून आणलं होतं. कागद द्यावा की न द्यावा ते कळेना, म्हणून तो नुसताच हातात धरून राहिला.

"आई, लिहून-बिहून काही देऊ नको!" मोनाली म्हणाली.

"दे, दे," राजानंद म्हणाला. "मिटवून टाक."

"मिटवून? लेखी दिलं की मिटतं का रे? तुला कळतं का काही?"

"मोना, तू शाळेत—"

"थांबा," अप्पाराव म्हणाले.

ते उठायला लागले. पलंगाच्या कडेवर दोन्ही हात रोवून त्यांनी जोर केला, अर्धे उठले आणि परत बसले. पुन्हा जोर केला. राजानंद मदतीला पुढे झाला तर त्यांनी त्याला डोळ्यांनीच थांबवलं. तिसऱ्या खेपेला दाराची चौकट धरून ते उभे राहिले. मैदानात त्यांच्यासमोर चुकीचा पाय पुढे टाकला तरी फेरी मारायला लागायची, हे आठवत भागवत त्यांच्या चौकटीवरच्या हाताकडे बघत राहिला.

"मच्छिंदर पडला न्हाई," अप्पाराव म्हणाले. "मी पडलो. त्यानं मला धरलं, म्हणून तो खाली आला. मी त्याच्या अंगावर पडलो."

"अप्पा, आता कशाला," मच्छिंद्रराव म्हणाले.

"तू गप बस."

"कुठं पडलात?" मोनालीनं विचारलं. तिचा आवाज एकदम वर्गातल्या पोरांशी बोलायचा झाला होता.

"मंडपात."

"तुम्ही मंडपात काय करून राह्यलते?"

अप्पारावांना या प्रश्नाचं उत्तर देणं पडल्याचं सांगण्यापेक्षा अवघड गेलं. त्यांनी ते मच्छिंद्ररावांकडे बघून दिलं. "शिकून राह्यलतो. पंधरा दिवस झाले. सहाला यायचो आम्ही. वर्गाच्या आधी."

"काय शिकून राह्यलते?"

"खुर्च्यांचा कार्यक्रम," तुळजाबाईंनी सांगितलं. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "मला म्हाईत हाय. ह्ये रोज पहाटं उठून जायचे. म्हन्लं एवढ्या वयात कुठं चालले बघावं. मागं गेले एक दिवस. तर ह्ये पुढं, सर मागं, टाचेला बोट लावून चालून राह्यलते दोघं."

"मंग तू सांगितलं कामून न्हाई?" भागवत ओरडला.

"तू मला गप बस म्हन्तो सारखा."

मच्छिंद्ररावांनी आता लपवण्यात अर्थ नाही असं ठरवलं. ते सांगायला लागले ते अगदी तब्येतीनं. "अप्पा वळला. वळताना त्याचा तोल जातो, म्या आधीच बघून ठेवलं व्हतं. म्हणून म्या मागंच व्हतो. धरायला गेलो."

"पडणाऱ्याला धरायला जायचं न्हाई, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," बेबीनंदा म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता, पण मोसंब्यांची पिशवी तिनं अजून खाली ठेवली नव्हती.

"सांगितलं व्हतं, सिस्टर. पर तवा अप्पा पडून न्हवता राह्यला."

"मंग?"

"मंग काय, पडलो. अप्पाला उठता येईना. म्या म्हन्लं, घाबरू नको. आधी बोटं हलव, पाय हलव. हलले. कुशीवर वळ. वळला. आता गुडघ्यावर ये, खुर्चीपाशी. खुर्चीवर हात, एक पाय पुढं, उठ. उठला. मंग म्या बी उठलो. तवा कळलं, आपला हात काही कामाचा राह्यला न्हाई."

"मोडल्या हातानं उठले तुम्ही?" भागवतनं विचारलं.

"डाव्या हातानं. डाव्यानं कसं उठायचं ते वेगळं शिकवतात त्या. म्या अप्पाला म्हन्लं, सिस्टर येतील, तू घरी जा. माझं मी बघतो."

भागवत बापाकडे बघत राहिला. त्याच्या हातातल्या कागदाची एक घडी आणखी झाली, मग आणखी एक. अखेर ती इतकी बारीक झाली की खिशात ठेवण्याशिवाय तिचं काही करता येण्यासारखं उरलं नाही.

आता राजानंदला मार्ग मोकळा दिसला. "आता तर विषयच संपला," तो म्हणाला. "बाबा पडून राह्यले आन् लपवून राह्यले. दोघांनी चला माझ्याबरोबर. मोना, आता बोल."

मोनाली भावाजवळ सरकली. "बाबा, दादाचं बराबर हाय. हितं तुम्ही पडले तर आई एकटी काय करील?"

"तुझी जागा दुसऱ्या मजल्यावर हाय ना रे?" भागवतनं राजानंदला विचारलं. "मी आल्तो तुझ्या वास्तूला. लोखंडी जिना हाय. सर रोज कसे चढतील?"

"सवय होईल."

"त्या जिन्यानं मलाच धाप लागल्ती," भागवत म्हणाला. तो भांडायला आलेल्या घराच्या बाजूनं बोलायला लागला आहे, हे त्याच्या अजून लक्षात आलं नव्हतं. "सरांना तिथं नेलं तर ते खाली उतरायचेच न्हाईत. खोलीत बसून राहतील. मंग काय उपेग?"

"तुम्ही मधे बोलू नका, भागवतभाऊ."

"मी मधे कुठं? माझ्या बापाचा हात मोडलाय ह्यात."

अप्पाराव अजून चौकट धरून उभे होते. त्यांना बसायचं होतं, पण बसताना पुन्हा सगळे बघतील म्हणून ते बसत नव्हते, हे फक्त बेबीनंदाला कळलं. तिनं पिशवी ठेवली, उंच पाठीची खुर्ची ओढून त्यांच्या मागं लावली आणि त्यांच्याकडे पाठ करून सगळ्यांना विचारलं, "चहा कोण कोण घेणार?" सगळे एकदम बोलले. तेवढ्यात अप्पाराव बसले.

चहा झाला. मच्छिंद्ररावांनी कप डाव्या हातानं धरला. निघताना भागवत अप्पारावांसमोर थांबला. काहीतरी म्हणावं असं त्याला वाटत होतं. "सर, काळजी घ्या" असं म्हणून तो बाहेर पडला, आणि चार पावलं जाऊन परत आला. "सिस्टर, आईला उद्या पाठवू ना?"

"वर्ग बंद हाय," बेबीनंदा म्हणाली.

"कोणी केला?"

"तुमच्या सरांनी. दुपारी जेवताना."

भागवतनं सरांकडे पाहिलं. मुलांनीही पाहिलं. अप्पारावांनी रिकामा कप उचलून पुन्हा खाली ठेवला. भागवत गेला.

पाच वाजता मोनालीला राजानंद आपल्या गाडीवर जालन्यापर्यंत घेऊन गेला. दोघं पुन्हा भांडत गेली, पण या वेळी जिन्यावरून. मोनालीचं म्हणणं पडलं होतं की लोखंडी जिना खरोखरच अवघड आहे, आणि दादानं तो बदलून घेतल्याशिवाय विषय काढू नये.

घरात दोघंच उरली. बेबीनंदा मोसंब्या टोपलीत लावत होती.

"मला कामून न्हाई सांगितलं?" तिनं विचारलं.

अप्पारावांनी बराच विचार केला. "तू शिट्टी न वाजवता शिकवती," ते म्हणाले. "ते मला पटत न्हाई."

"मच्छिंद्रभाऊंनी शिट्टी वाजवली?"

"न्हाई."

ती हसली नाही. टोपली फडताळावर ठेवून ती त्यांच्यासमोर येऊन बसली. "छत्तीस वर्षं लोकं माझ्यापुढं कपडे काढून उभे राह्यले. लाजले न्हाईत. आन् माझ्या घरचा माणूस सहा वाजता लपून जाऊन दुसऱ्याकडून शिकतो. माझंच शिकवलेलं. आन् वरून पोरांपुढं म्हणतो, बंद कर. मच्छिंद्रभाऊंचा हात मोडला त्याचं दुखलं न्हाई एवढं. मला ह्याचं दुखलं."

"भागवत अर्ज देणार होता. चौकशी झाली असती. मंग सगळंच बाहेर आलं असतं."

"म्हणून माझा वर्ग बंद."

"हां," अप्पाराव म्हणाले. खोटं बोलायचं त्यांचं त्राण संपलं होतं.

बेबीनंदानं पदरानं हात पुसले. "मी राजाकडं यायला तयार हाय," ती म्हणाली. "तुम्हाला तिथं जाऊन खोलीत बसायचं आसंल तर बसू दोघं. तसं न्हाई आसंल, तर उद्या सकाळी सात. सगळ्यांसमोर. दोनातलं एक सांगा."

त्यांनी त्या दिवशी दोनातलं एकही सांगितलं नाही.

सोमवारी सातला मंडपात तेरा माणसं होती. वर्ग बंद झाल्याचं कुणालाच कळलं नव्हतं, कारण ते सांगायचं काम कुणावर सोपवलंच नव्हतं. तुळजाबाई पहिल्या रांगेत होत्या. मच्छिंद्रराव हात गळ्यात घेऊन बाजूला बसले होते. पाय तर मोडले नाहीत ना, असं त्यांनी आल्याआल्या सांगितलं. बेबीनंदानं खुर्च्या मांडल्या. ती रस्त्याकडे बघत नव्हती.

सात वाजून पाच मिनिटांनी अप्पाराव आले. इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट. मंडपाच्या खांबापाशी ते थांबले.

"नाव लिही," ते म्हणाले.

ती पिशवीतली वही घेऊन त्यांच्यापाशी गेली. येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी ती तीन गोष्टी विचारायची. प्रशिक्षणात तसं शिकवलं होतं.

"नाव?"

"तुला म्हाईत न्हाई?"

"नाव सांगा."

"अप्पाराव."

"वय?"

"एकाहत्तर."

"मागच्या बारा महिन्यांत किती वेळा पडलात?"

पेन कागदावर टेकवून तिनं एकाचा आकडा काढायला सुरुवातही केली होती. अप्पाराव पत्र्याकडे बघत होते.

"सात," ते म्हणाले.

तिनं मान वर केली.

"मोरीत दोनदा. शाळेच्या मैदानावर एकदा, तिथं कोणी न्हवतं. स्टँडवर एकदा, तिथं लोकं होते. बाभळीखाली एकदा. शुक्रवारी मंडपात." ते थांबले. त्यांचा आवाज मागच्यांना ऐकू जाऊ नये इतका खाली आला. "आन् एकदा घरी. उंबऱ्यात. त्या दिवशी फिरायला गेलो न्हवतो. तू वर्गाला निघाली, तुझ्या मागंच. तू मागं वळून बघशील म्हणून गप पडून राह्यलो."

"किती वेळ?"

"तू यायच्या आधी उठलो."

"किती वेळ?"

"पाऊण तास."

तेवढा पाऊण तास ती इथं होती. इथं, या सतरंजीवर, बारा माणसांना ती कुशीवर कसं वळायचं ते दाखवत होती. बेबीनंदानं एकाचा काढलेला आकडा खोडला आणि शेजारी सात लिहिलं. आकडा नीट आला नाही, म्हणून तो तिनं पुन्हा गिरवला. मग वही मिटली.

"मी मागं उभा राहतो," अप्पाराव म्हणाले.

"मागं न्हाई. मला दिसाल असं बसा."

तुळजाबाईंनी न सांगता आपली खुर्ची एक हात बाजूला सरकवली. मधे जागा झाली. अप्पाराव तिथं येऊन बसले. बेबीनंदा सगळ्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"हात छातीवर. पावलं मागं घ्या. पुढं वाका. आता हात न टेकवता उठा."

तेरा माणसं उठली. अप्पाराव अर्ध्यापर्यंत आले आणि परत बसले. मच्छिंद्ररावांनी लगेच पत्र्याकडे पाहिलं. बाकीच्यांनीही आपापल्या सोयीनं कुठंतरी पाहिलं. बेबीनंदा मात्र त्यांच्याकडेच बघत होती.

"पुन्हा," ती म्हणाली.